उलटा आटा

रात्री दोनला आग्रा रोडवरची कुत्रीसुद्धा दमतात,
तेव्हा आमची ड्यूटी रंगात येते.
धुडकूनाना पाच फुटी सळई रस्त्याला टेकवतात,
वरचं टोक कानाला नाही,
दातांत.

मला हसू आलं होतं पहिल्यांदा.
आयटीआयच्या पुस्तकात दात नव्हते.
"कान लबाडी करतस, आंडेर. हाड नही करत."

गळती म्हणजे धबधबा नव्हे.
दोन घरं पलीकडे कुणी तव्यावर कांदा टाकावा
तसा खाली चरचरतो बिडाचा जुना पाइप.
मला तीन महिने
फक्त माझेच दात ऐकू यायचे.

ऑफिसात नकाशा आहे, निळा असावा कधीतरी.
त्यात गल्ली नंबर चारचा व्हॉल्व्ह
मिठाईवाल्याच्या भट्टीखाली दाखवलाय.
खरा नकाशा नानांच्या डोक्यात,
आणि डोकं एकतीस मेला रिटायर.
म्हणून वहीत उतरवत गेले:
गिरणीची तिसरी पायरी, तिथून दोन हात डावीकडे.
लिंबाखालचा आटा उलटा,
बंद करायचा तर उघडल्यासारखा फिरव.
कुणी बसवला असा, विचारलं तर नाना म्हणाले,
माणूस गेला, आटा शे.

आठव्या दिवशी पाणी येतं.
आलं की ते नळाला येतं,
नाही आलं की आमच्या आईबापाला.

रिटायर होऊन नानांनी पहिलं काम केलं,
सगळे दात काढून घेतले.

पोळ्यानंतरची गोष्ट. गल्ली नंबर सहा, मी एकटी,
सोबत पेंगणारा एक हेल्पर.
सळई चावली
आणि कवटीत कांदा तडतडला,
नानांच्याच ओट्यासमोर.

तीन फुटांवर पाइप लागला.
सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
वर तारेची गाठ, गंजून पाइपाचीच झालेली.
नाना बनियनवर बाहेर आले,
कवळी आत वाटीत.
बॅटरीच्या उजेडात वाकून बघत राहिले.
"हाई गाठ मनी शे," पोकळ तोंडाने बोलले.
"दोन दिनसाठे बांधेल व्हती."

बावीस वर्षं.

मी छिन्नीने गाठ तोडली, ट्यूब काढली.
त्यांनी ती उचलून पाण्यात धुतली,
खिशात घातली.

उजाडताना नवी कॉलर बसली.
वहीत लिहिलं: गल्ली सहा, सांधा कायमचा केला.
मग "कायमचा" खोडलं,
तारीख टाकली.