कोच म्हणजे डबा

मोतीबागेत कोच म्हणजे डबा.
छत्तीस वर्षं मी डबे दुरुस्त केले,
नॅरोगेजचे, खेळण्यातल्यासारखे,
चाकाची कड झिजली की आधी बोटांना कळायचं,
गेज मागाहून लावायचो.
मग रूळ रुंद झाले, डबे भंगारात गेले,
आणि मे महिन्यात मलाही
शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.

घड्याळ, बापा!
ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही
त्याला.

शेवंता अजून शाळेत शिकवते.
सहा चाळीसला ओट्यावर एकच डबा भरला जातो, तिचा.
मी पडल्यापडल्या झाकण लागल्याचा आवाज ऐकतो.

पोरीनं फोनवर थेरपिस्ट हा शब्द काढला.
म्हटलं, "बाई, गोधनीहून ड्यूटीले जाताना
पागलखाना चौक रोज लागे मले.
छत्तीस वर्षं तिथं सायकलवरून पाय टेकला नाही."
ती जरा थांबून म्हणाली, बरं, कोच तरी?
मी हसलो. कितव्या नंबरचा?

प्राजक्ता गजभिये. पोरीच्याच वयाची.
तासाचे हजार रुपये, पहिला तास फुकट,
जपानी गार्डनमध्ये, चालता चालता.
मला वाटलं, आईबापापासून सुरू करेल.
तिनं विचारलं, गुरुवारपर्यंत काय कराल?
"काय करतो? काही नाही."
काही नाही किती वाजता करता?

या प्रश्नावर आम्ही एक अख्खी फेरी
न बोलता मारली.

गुरुवारच्या आधी बारापात्रेंचा कूलर उघडला.
पंप जाम, जुन्या खसला कुबट वास,
तळाशी गंज आणि एक मेलेली पाल.
चार तास. पाणी जाळीवरून उतरायला लागलं
तेव्हा त्यांची म्हातारी पंख्यासमोर तोंड धरून
आ आ करत बसली, लहान पोरासारखी.
पुढच्या आठवड्यात गल्लीतले सात कूलर.
प्राजक्तानं शाबासकी दिली नाही.
पैसे घेतले?
नाही.
का?
या 'का'चं उत्तर मी अजून शोधून राहिलो आहे.

पाचव्या भेटीत मी सहज बोलून गेलो,
कांद्याचा भाव सांगावा तसं,
की रात्री झोप नसते, गच्चीवर टाकीपाशी बसतो,
खाली बघतो, आणि मजले मोजतो.
तीनच आहेत, तरी मोजतो.

ती चालायची थांबली.
वही मिटून पिशवीत टाकली.
"काका, हे माझ्या हातचं नाही.
मी सोबत येते, आजच."

मला राग आला. हजार रुपये देतो मी.
बाकावर बसलो, शेंगदाणेवाला दोनदा येऊन गेला.
मग आठवलं :
आसाला तडा दिसला की आम्ही रंग मारत नव्हतो.
खडूनं फुली करायचो, दुसऱ्या शेडला पाठवायचो.
त्यात फिटरचा कमीपणा नव्हता,
आसाचाही नव्हता.

ऑटो त्याच चौकातून गेला. सिग्नल लाल.
मी मुद्दाम एक पाय बाहेर काढून
रस्त्याला टेकवला. डांबर तापलं होतं,
चप्पल चिकटली. एवढंच झालं.
रात्री शेवंताला सगळं सांगितलं.
तिनं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं
आणि किल्ली आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

आता बुधवारी डॉक्टर आणि रात्रीची एक गोळी.
तिथं आईबाप निघतात, निघू देतो.
गुरुवारी प्राजक्ता.
एकीनं भरून येतं, दुसरीनं हाताला काम लागतं,
कोणती कोणाच्या जागी चालली असती
हे मला विचारू नका.

काही नाही
मी आता दुपारी अडीच ते चार करतो.
वेळेवर. भिंतीवरच्या घड्याळात बघून.