काजं-बटणाची सुट्टी

सहामाहीचा शेवटचा पेपर चित्रकलेचा.
रंगाचं पाणी नालीत ओतून आम्ही पळत सुटायचो
सेलूच्या बाजारातून, लाह्या-बत्ताशांच्या पाट्या ओलांडत,
थेट दुकानात.
अब्बा मान वर न करता म्हणायचे,
"आली पलटण. नईम, बटणं. तस्लीम, काजं."
सुट्टी लागायची ती अशी.

वर्गातली लेकरं मामाच्या गावाला जायची,
मानवतला, परळीला, कुणी पार उदगीरला.
आमचा मामा मागच्याच गल्लीत,
तोही तुरपाई करत बसलेला.

वसुबारसेपासून मशीन थांबत नसे.
लाइट गेली की अम्मी कंदील धरायची,
काचेवर पाखरं टकटक करायची,
अब्बांचे पाय चालूच.
प्रत्येक कापडाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली.
वाचायचं काम माझं:
'वर्षा दळवे. बाही फुगा. गुरुवारी पाहिजेच.'
वर्षा माझ्याच बाकावर बसायची.
तिची बाही मी एकदा
माझ्या दंडावर चढवून पाहिली.
अब्बांनी बघितलं.
बोलले नाहीत काही,
कात्री तेवढी मध्येच थांबली,
मग पुन्हा चालू लागली.

पहाटे गल्लीभर उटण्याचा वास,
आम्ही चिंध्यांच्या ढिगावर झोपलेले.
रेवताबाईंचा फराळाचा डबा यायचा,
अम्मी तो रिकामा परत धाडत नसे,
सीताफळं घालायची, डोळे उघडलेली.
"भाऊबीज झाली की येलदरीला जाऊ,"
हे अब्बा दरवर्षी म्हणायचे.
एका वर्षी खरंच गेलो.

जिंतूरची एसटी. नईमला खिडकी.
बाहेर दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला,
बाया ओटी बांधून वेचायलेल्या.
त्यांच्यात सुमित्रा दिसली, आमच्या वर्गातली.
मी हात केला.
तिचे दोन्ही हात बोंडांत होते.
तिलाही सुट्टीच होती.

अब्बांच्या गळ्यात टेप तशीच राहिलेली.
पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली,
"मास्तर, झंपराचं काय घेता?"
"आज बंद आहे," अब्बा म्हणाले.
मग थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना,
खिडकीकडं बघत परत एकदा,
"आज बंद आहे."

धरणाची दारंही बंद होती.
वॉचमननं वर जाऊ दिलं नाही.
पाणी बघायला आलेलो आम्ही
खाली बसून भिंत बघत राहिलो.
खिचडी गार झालेली,
खट्टा पिशवीत सांडलेला, नईमच्या चपलेपर्यंत.
अब्बांनी तळलेले मासे आणले, कागदात, थोडेच,
अम्मी काटे काढून देत राहिली
आणि शेवटी म्हणाली, मला मासे आवडतच नाहीत.

जेवण झालं. आता काय करायचं
ते अब्बांना कळेना.
हात मांडीवर ठेवले, उचलले,
एक खडा पाण्याच्या दिशेनं टाकला,
तो पाण्यापर्यंत गेलाच नाही.
मग गळ्यातली टेप काढून म्हणाले,
"तस्लीम, उभी रहा."
खांदा. छाती. उंची.
माझं माप त्यांनी आधी घेतलंच नव्हतं कधी,
उरलेल्या कापडात बसेल तेवढी मी.
आकडे नईमनं माशाच्या कागदावर लिहिले.
"बाही?" अब्बांनी विचारलं,
गिऱ्हाइकाला विचारतात तसं.
"फुगा," मी म्हणाले.
"कधी पाहिजे?"
हे मात्र मला सुचलं नाही.

शाळा उघडल्यावर निबंध होता, 'माझी सहल'.
मी लिहिलं, सगळी दारं उघडली होती,
पाणी धो धो कोसळत होतं, आम्ही चिंब भिजलो.
दहापैकी आठ मिळाले.

कागद अजून आहे माझ्याकडं,
अब्बांच्या जुन्या मापांच्या वहीत.
तेलानं पारदर्शक झालाय,
मागच्या पानावरची दुसऱ्याच कुणाची छाती-कंबर
माझ्या आकड्यांतून दिसते.
दंड साडेसात की साडेआठ,
तिथं नेमका डाग.