रकाना क्रमांक नऊ

परभणीच्या विभागीय कार्यालयातून पिवळा लिफाफा आला
दुपारच्या गाडीनं, कंडक्टरच्या काखेतून.
गुणवंत कर्मचारी : आगाराने एक नाव पाठवावे.

नाव सोपं होतं.
शेख मोबीन शेख चाँद, टायर विभाग, जिंतूर आगार.
नोकरी एकतीस वर्षं, उरले साडेचार महिने.
बिल्ला क्रमांक, जन्मतारीख, शिल्लक रजा
माझ्याच कपाटात.
अडलो ते नवव्या रकान्यात :
उल्लेखनीय घटना. पाच ओळींत.

मी आस्थापनेचा बाबू.
बढती, निलंबन, कोर्टाची तारीख,
मयताच्या वारसाला ग्रॅच्युइटी,
सगळ्याची वाक्यं माझ्याकडे तयार असतात.
ह्याचं नव्हतं.

खाली वर्कशॉपात गेलो.
मोबीनभाई उकिडवे बसलेले, कान चाकाशी,
हातोडीनं टकटक करत,
बाजारात कलिंगड पारखावं तसं.
म्हटलं, भाई, एखादा किस्सा सांगा ना.
त्यांनी तोंडातला तंबाखू बाजूला सारला.
"आपल्या खात्यात किस्सा हुआ, तो समझो घात हुआ, साहेब.
मैंने होने नहीं दिया."
आणि पुढच्या चाकाकडे सरकले.

कौसल्या घुगे चिल्लर मोजत होत्या,
सेनगावची फेरी करून आलेल्या, केसांत धूळ.
म्हणाल्या, "मोबीनभाईचं काय लिव्हणार?
गाडी जाती, गाडी येती.
मह्या लेकराला बी वाटतं, आई आपोआप घरी येती."
एक आठ आणे कमी भरत होते.
त्यांनी ते आपल्या पाकिटातून टाकले
आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

मग जुन्या लॉगशीटा काढल्या.
उंदरांनी कडा खाल्लेल्या, तेलाचे अंगठे.
ड्रायव्हर माणिक पुंडगेंचं वाकडं अक्षर :
'मागचं आतलं डावं उलीसं गरम लागतं.'
त्याच्याखाली निळ्या पेन्सिलीनं
दोन शब्द :
देखा. बदला.

दुसऱ्या पानावर, देखा. बदला.
ज्या साली धरण भरून रस्ता खचला, तेव्हाही.
शेवाळाच्या उताराला ब्रेक लागला त्या दिवशीही
म्हणजे काहीच झालं नाही त्या दिवशी :
बामणीच्या पोरी बारावीचा पेपर देऊन
वेण्या सोडून हसत घरी गेल्या असतील,
बोरीचं वऱ्हाड भांडत भांडत पोचलं असेल,
कुणीतरी खिडकीतून उलटी केली असेल,
आणि कुणालाही आठवत नसेल तो दिवस.

मी आमची तारीख शोधली.
रात्रीची नांदेड गाडी, बायकोला कळा सुरू,
मी तिच्या पाठीशी सतरंजी धरून उभा.
पहाटे साडेतीनची नोंद सापडली, गाडी निघायच्या आधीची :
२७५१. मागचं उजवं. देखा. बदला.
लेक आता बँकेत आहे, पुण्यात.
हे तिला सांगावं की नको, ठरेना.

साहेबांची सही सहाला घ्यायची होती.
नवव्या रकान्यात ते दोनच शब्द लिहिले.
खालच्या चार ओळी कोऱ्या ठेवल्या.
जे घडलं नाही, त्याला तेवढी जागा
कमीच होती खरं तर.

आठव्या दिवशी प्रकरण परत.
लाल शाई : 'रकाना ९ अपूर्ण.
त्रुटी दूर करून फेरसादर करावे. मुदत संपली आहे.'
मी दोनदा वाचलं. चहा सांगितला.
खालून टकटक ऐकू येत होती.

पाकीट उलटं करून आवकची वेळ टाकली :
चार चाळीसची परभणी–जिंतूर,
चार चाळीसला.