दुसऱ्यांच्या चढाया

लिलावाच्या रात्री ग्रामपंचायतीचा टीव्ही ओट्यावर काढला.
धम्मपाल खंडारे शेवटच्या गटात होता,
ज्या गटाची नावं कुणी उच्चारत नाही,
खालच्या पट्टीतून नुसती सरकत जातात.
साडेबारापर्यंत आम्ही पट्टी वाचत बसलो.
आडनाव चुकलं होतं त्यांचं: खंदारे.
बोट दाखवेपर्यंत ते गेलंही.
अनसोल्ड म्हंजे काय, त्याच्या आईनं विचारलं.
काई नाई मावशी, इकल्या नाई गेला.
'बरं झालं,' ती म्हणाली,
'पोरगं काय इकाले काढलं होतं?'

मी मंडळाचा गुणलेखक.
रेशनच्या जुन्या रजिस्टरात, मागच्या कोऱ्या बाजूवर
त्याची एकूणएक चढाई आहे:
दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा,
एकवीसशे रुपये अन् शिल्ड, कुठं नुसतं शिल्ड.
आमचं मैदान काळ्या मातीचं.
ओलं असलं की एकेका पायाला पायलीभर चिखल.
तेवढं ओझं घेऊन मध्यरेषेवर परतणारा पाय
कोरड्या मॅटवर काय करेल,
हे लिलावातल्या टेबलांवरून कसं दिसावं?

सतराव्या दिवशी फोन आला.
कुण्या चढाईपटूचा गुडघा गेला होता.
दुसऱ्याच्या गुडघ्यावर पेढे कसे वाटायचे,
म्हणून आम्ही चिवडा वाटला.

तिथं काम निराळंच निघालं.
शनिवारी ज्यांच्याशी सामना, त्यांचा मोठा चढाईपटू
बुधवारी धम्मपालनं व्हायचं.
व्हिडिओ पाहायचा, चाल उचलायची,
त्याच्यासारखा डावा खांदा पाडायचा
आणि सात जणांना पकडू द्यायचं.
वीस वेळा. पुन्हा. और एक बार, बेटा.
हरियाणाचा लांब हात तो झाला,
तामिळनाडूची उडी झाला,
एका कोरियन पोराचा घोटासुद्धा.
शनिवारी पकड बसायची. कॅमेरा पकडणाऱ्यावर.
धम्मपाल बाकामागं, बर्फाच्या पिशव्यांपाशी.
रात्री फोन:
'भाऊ, ते पकड माह्यावर शिकले ते.'
मी रजिस्टरात रकाना शोधायचो.
नव्हता.

चार हंगाम, तीन संघ.
दोनदा सोडून दिला. एकदा ई-मेलनं,
एकदा हॉटेलच्या लॉबीत,
बॅग आधीच कुणीतरी खाली आणून ठेवलेली.
मॅटवर एकूण सव्वीस मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली.
चढाया एकोणीस. गुण सहा.
त्यातले दोन एकाच दमात, अखेरच्या मिनिटाला,
करो या मरो म्हणतात तसल्या चढाईत.
गावात सुतळी बॉम्ब फुटले,
बोंद्रे गुरुजींची म्हैस दावं तोडून पळाली.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरात
ते दोन गुण 'इतर' मध्ये होते.

आता तो अकोटला जिनिंगच्या वजनकाट्यावर असतो.
गाडी भरलेली, गाडी रिकामी, मधला फरक लिहायचा.
घोट्यात एक स्क्रू आहे, थंडीत बोलतो म्हणे.
संध्याकाळी फटफटीनं येतो,
राखेनं रेषा ओढतो, पोरापोरींना शिकवतो.
हा अमक्याचा हात, ही तमक्याची उडी,
सगळं अंगात आहे त्याच्या, नावानिशी.

परवा सांची तायडेनं विचारलं, आठवीतली पोरगी,
'सर, हे सारे लोकाइचे झाले.
तुमची कोनती?'

तो हापशीवर गेला.
आमच्या भागातलं खारं पाणी, चूळ भरायच्या लायकीचं.
चूळ भरली, थुंकला, तोंडावर हात फिरवला,
येऊन मध्यरेषेवर पाय ठेवला.
मी रजिस्टर उघडलं.

कबड्डी कबड्डी कबड्डी, आवाज बारीक, आत ओढलेला.
मैदान खडखडीत कोरडं होतं,
भेगा पडलेलं.
तरी तो एकेक पाय उपसून काढत गेला,
गुडघ्याएवढ्या चिखलातून काढावा तसा,
आणि शेवटचं पाऊल एकदम हलकं.

सांची म्हणाली, 'अजून एकदा दाखवा.'