गिरणीपाशी

नाव निवृत्ती काळोखे, वय एक्क्याऐंशी.
डाव्या खुब्याचं हाड मोडलेलं,
पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेलं,
जणू ते एकटंच निघालंय कुठेतरी.
पठारे फॉर्म पुढे धरतो:
मॅडम, फिटनेस. उद्या पहिली केस लावू?
पडून एकवीस तास झालेत.

मोडलेलं हाड थांबेल अजून एक दिवस,
फुप्फुसं थांबत नाहीत, पाठीची कातडी थांबत नाही.
रास्ता पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर
हे घड्याळ मी रोज ऐकते,
तरी एक प्रश्न स्टूल ओढून, बसून विचारते.
उभ्याने विचारला की माणसं नुसतं हो म्हणतात.

काका, दोन जिने चढता का, न थांबता?

"जिने न्हाईत आमच्यात. चढ हाय."
जनता वसाहत, पर्वतीचा उतार,
कोपऱ्यापासून दारापर्यंत एकशे चाळीस पावलं,
त्यांनी स्वतः मोजलेली.
महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते.
छत्तीस वर्षं, पहाटे साडेतीनला,
कुठल्या पेठेला किती फेरे, ते मनगटाला पाठ.
"चढतो की. मधी गिरणीपाशी थांबतो जरा.
गप्पा मारायला."

मी लिहायला घेतलं: चढण, विनासायास.
मालन, त्यांची मुलगी, सलाईनच्या बाटलीकडे बघत म्हणाली,
गिरणी बंद हाय, मॅडम.
दोन वर्षं झाली.

काका छताकडे बघत राहिले.
मी लिहिलेलं खोडलं.

स्टेथोस्कोप ठेवला तेव्हा उजवीकडे, वरच्या फासळ्यांत
एक खरखर होती, गळ्यापर्यंत चढत जाणारी.
मशीन ढकलत आणलं. काळ्या-पांढऱ्या धुक्यात
झडप दिसली, चुन्याने धरलेली,
उघडायचं म्हणून जेमतेम किलकिली होणारी.

तक्त्यात गुण असतात. वयाचे, किडनीचे, मागच्या झटक्याचे.
बेरीज करा, टक्के निघतात.
शंभरात किती जणांना धोका, ते कळतं.
काळोखे त्या शंभरातले कितवे, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.
आणि बंद गिरणीला रकाना नाही.

सांगितलं दोघांना, जमेल तितकं सोपं करून.
हृदयाच्या तोंडाशी एक झडप असते...
"म्हंजे चावी आर्धीच उघडती म्हना की."
हो काका.
"मग जोर लावू नका. दांडी पिळते.
आन् पुढचं प्रेशर एकदम पडू द्याचं न्हाई,
लाईन कोरडी पडली का मागून कितीबी सोडा,
हवाच येती नुसती."

मी आठ वर्षं शिकले ते हेच.

मालनने विचारलं, न्हाईच केलं तर?
तर पडूनच. खाटेवर. दुखत.
मग फार दिवस नाहीत, हे मी बोलले नाही,
तिने ऐकलं.
तिने मराठीत सही केली, पूर्ण नाव, सावकाश,
ळ वर दोनदा गिरवून.

नाझनीन इनामदारला फोन लावला.
भूल तू देणार ना उद्या? झडप अरुंद आहे. बरीच.
धमनीत लाईन घालून ठेव आधीच.
प्रेशर एकदम पडू देऊ नकोस.
ती म्हणाली, माहितेय गं.
मी म्हटलं, माहितेय तुला माहितेय.
लाईन कोरडी पडू देऊ नकोस.
काय?
काही नाही.

फॉर्मवर लिहिलं: धोका जास्त. थांबण्यात त्याहून जास्त.
शस्त्रक्रिया करावी.
खाली सही, वेळ, रात्रीचे नऊ चाळीस.

पहाटे साडेपाचला कोथरूडच्या माझ्या स्वयंपाकघरात
नळ खाकरतो.
आधी हवा, मग दोन थेंब गढूळ, मग थोडं थांबून
करंगळीएवढी धार.
कुणीतरी कुठेतरी बोळात वाकून
चावी फिरवतोय, घाई न करता.
मी बादली सरकवते.
पहिली केस आठला.
फोन उताणा ठेवलाय, पिठाच्या डब्याशेजारी.