सगळं ठीक आहे ना?

टोलेडोच्या त्या नव्या हॉटेलात
मेन्यूकार्ड दाराएवढं
आणि मासा बशीच्या मधोमध एकटा,
कुणाचं तरी पाकीट राहून गेल्यासारखा.
सूप कोमट. पाव कालचा.
लिंबाची फोड मात्र ताजी होती, खोटं कशाला बोलू.

डोलोरेसनं चमचा खाली ठेवला.
चाळीस वर्षांत तिचं न बोलणं मी वाचायला शिकलोय,
विजेचं बिलसुद्धा मला तितकं कळत नाही.
तेवढ्यात तो पोरगा आला, काळा एप्रन, कानात बाळी,
"सगळं ठीक आहे ना?"
आणि आम्ही दोघं, चर्चमध्ये म्हणतात तसं, एका सुरात,
"छान आहे. अगदी छान."
वर वीस टक्के टिप.
घरी येऊन अंडी उकडली.

हे सगळं गाडीच्या आनंदात.
बासष्टाव्या वर्षी पहिली कोरी गाडी.
आधीच्या साऱ्या कुणाच्या तरी उतरलेल्या:
एकीत कुत्र्याचे केस, एकीत सिगारेटचा वास,
एकीच्या सीटखाली तान्ह्या बाळाचा मोजा मिळाला होता,
तो डोलोरेसनं धुऊन ठेवला.
का, ते मी विचारलं नाही.

कोऱ्या गाडीची नवलाई सतरा मैल टिकली.
अठराव्या मैलाला, मॉमी नदीच्या पुलावर,
उजव्या दारातून
टिक्.
मग काही नाही.
मग टिक् टिक्, कुणी आतून नखानं वाजवावं तसं.

शोरूममधला तो ब्रेंट,
सही होईपर्यंत माझा हात सोडत नव्हता,
आता त्याला माझं आडनाव आठवेना.
(गंज लागू नये म्हणून घेतलेले नऊशे डॉलर
ऐच्छिक होते, हेही त्या दिवशीच कळलं.)
मेकॅनिकनं एक चक्कर मारली.
साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो
तशी गाडी हाताची घडी घालून गप्प.
"सगळ्याच गाड्या थोडं बोलतात, मिस्टर नोविकी."
"ही बसली की वाजतं," मी म्हणालो.
त्यानं डोलोरेसकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.
मी ते बोलायला नको होतं.

रात्री गॅरेजमध्ये मीच दार उघडलं.
एकतीस वर्षं मी दारांच्या कड्याच बनवल्या,
कारखाना बंद पडला त्या दिवसापर्यंत,
तेव्हा दाराच्या पोटात काय असतं
हे मला ब्रेंटनं सांगायची गरज नव्हती.
एक रबराची चकती. नव्हतीच.
कडीवर एका देशाचं नाव,
चष्मा लावूनही न लागणारं.

मला माहीत आहे ती कशी राहते.
शुक्रवार. साडेतीन. चकत्यांचा डबा रिकामा,
नवा डबा आणायला पार दुसऱ्या टोकाला जायचं,
आणि क्लीटस फोरमन लांबूनच ओरडतो,
"सगळं ठीक आहे ना?"
"छान!" आम्ही म्हणायचो. हात वर करून.
पट्टा पुढे जायचा.

कितीदा म्हणालो असेन?
माझ्या हातची किती दारं
कुठल्या कुठल्या पुलांवर वाजत गेली असतील,
आणि कुणाकुणाच्या बायकांकडे
मेकॅनिकांनी तसं पाहिलं असेल.
पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणतात.
टाकणाऱ्याचं काय होतं, ते कुणी म्हणत नाही.

जुन्या बुटातलं फेल्ट कापून बसवलं.
रविवारी पुन्हा पूल.
डोलोरेस मांडीवर पर्स घेऊन, श्वास धरून.
अर्धा पूल गेला. पाऊण.
टिक्.
थोडा मऊ, पण तोच.

ती समोर बघत राहिली.
मग त्या बाळीवाल्या पोराचा आवाज काढून म्हणाली,
"सगळं ठीक आहे ना?"

"नाही," मी म्हणालो.
"सूप कोमट होतं."