पाटीवरची तारीख

किती दिवस, हेच ठरत नाहीये.
कोकिळा म्हणते तीन.
मी म्हणतो दहा, आणि लगेच नऊवर येतो,
जणू समोर समुद्र नाही,
बाजारातला वांग्यांचा ढीग आहे.

गणपती गेले. विहिरी काठोकाठ.
मोटारी शेतात झोपून आहेत, जळत नाहीत,
आणि त्या जळत नाहीत तोवर मला काम नाही.
पारोळ्यात रिवाइंडिंगच्या धंद्याला
वर्षातून एवढीच एक फट.
मग हरभऱ्याला पाणी सुरू होतं
आणि रात्री दोनलाही कुणीतरी शटर वाजवतं.

सत्तावीस वर्षं तांब्याच्या तारेचे फेरे मोजतोय.
कमी पडले तर मोटर तापते.
जास्त झाले तर नुसती घुमते, उठत नाही.
मला वाटायचं, दिवसांचाही असा आकडा असेल
एखाद्या जुन्या वहीत, मागच्या पानावर.

कोकिळाची वही वेगळी.
ती नळापासून सुरू होते.
आमच्या गल्लीत नळ सहाव्या दिवशी.
"पानी मी भरी ठेवसू," सुपडाबाई भिंतीवरून म्हणाल्या,
"तुम्ही जा ना माय."
नळाचा अडसर गेला तसं हिनं विरजण काढलं.
चोपड्याहून, आईच्या घरून, वाटीतून आलेलं,
एकतीस वर्षं रोज कालच्यातून आजचं.
त्याला कोण बघणार?
विरजणही सुपडाबाईंकडे गेलं.
मग कळण्याच्या पिठात अळ्या होतील, हे निघालं.
मग मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, हे.

मी विचारलं, तुला जायचंय की नाही?
म्हणाली, जायचंय.
बराच वेळ आम्ही पंखा ऐकत पडलो.
मग म्हणाली,
माहेरी जायचे तेव्हा दिवस मी कधी ठरवले नाहीत.
कुणीतरी घ्यायला यायचं, तो दिवस शेवटचा.
तिथं कोण येणार घ्यायला?
आपणच उठून पिशवी भरायची,
समुद्र चालू असताना.
कसं जमतं ते लोकांना?

मला उत्तर आलं नाही.
मोटरीला खटका असतो.

आज सकाळी पाटी रंगवली:
दुकान १९ तारखेपासून सुरू.
परतीचं तिकीट मात्र सोळाचं.
जाण्यायेण्याचे सोडले तर समुद्रावर तीन दिवस,
तिचेच.
सोळाच्या रात्री यायचं, गल्ली निजल्यावर.
पुढचं कुलूप बाहेरून तसंच राहू द्यायचं,
मागच्या दारानं आत,
बरं झालं ती कडी बसत नाही.
मग सतरा, आणि अठराचा जेवढा मिळेल तेवढा,
आपल्याच घरात, कुणाला न कळता.
दिवा नाही. टीव्ही मुका.
भरीत नाही, वांग्याचा धूर चुगली करतो.
शेवमुरमुऱ्यांवर भागवू.
टाचांच्या भेगांत वाळू असेल अजून.
दुपारी फरशीवर आडवं होऊन
हळू आवाजात विचारायचं,
आत्ता आपण कुठे आहोत?

कोकिळा हसली.
बोटांवर काही न मोजता म्हणाली, चालेल.

आणि मग लगेच, अंधारात उठून बसत:
अहो, अठराला नळ आहे.

आमची तोटी पाणी यायच्या आधी शिट्टी घालते,
चार घरांना ऐकू जाईल अशी.
सुपडाबाई किल्ली घेऊन निघतील,
एका हातात रबरी नळी, दुसऱ्या हातात विरजणाची वाटी,
कुलूप काढतील आणि बघतील
चोरासारखी बसलेली दोन माणसं, उन्हानं काळवंडलेली.

असू दे.
कुणीतरी आलं ना घ्यायला.
तोटीत नुसती हवा आहे
तोवरची सुट्टी.